पत्रा का उडतो? पेण-रोह्यातलं घर आणि विद्यार्थ्यांची स्पर्धा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं आणि ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन रायगडातून आत घुसलं. श्रीवर्धन, म्हसळा, तळा, मुरूड, रोहा, माणगाव या पट्ट्यात वारा ओसरल्यावर माणसं बाहेर आली, तेव्हा अनेकांना एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. भिंती जागच्या जागी, खिडक्याही बऱ्याचशा शाबूत, मग पत्रेच कसे गेले? वारा तर समोरून येतो. त्याने भिंत ढकलायची की छप्पर उचलायचं?

याचं उत्तर द्यायला थोडं भौतिकशास्त्र लागतं, थोडं सुतारकाम लागतं आणि बरीचशी त्या गावाची माहिती लागते. टोकाच्या हवामानात टिकणारी घरं आखण्याच्या ज्या स्पर्धा आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी होतात, त्यांत या तिन्हींचा कस लागायला हवा. म्हणून या प्रकरणात आपणच अशा स्पर्धेत उतरलो आहोत असं समजू. जागा पेण आणि रोहा तालुक्यांतली. घर लहान, पंचवीस चौरस मीटरचं, म्हणजे साधारण पावणेतीनशे चौरस फुटांचं. राहणारं कुटुंब पाच माणसांचं.

१. स्पर्धा म्हणजे काय असतं?

आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. त्या पाच वर्षांत विद्यार्थी डझनावारी इमारती कागदावर काढतो. वर्गात काढलेलं घर कुणी बांधत नाही, त्यामुळे ते कधी गळतही नाही. स्पर्धेत निदान वर्गाबाहेरचा माणूस ते घर तपासतो, हा तिचा पहिला फायदा.

आपल्याकडे ‘नासा’ ही आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना १९५७ पासून आहे. अवकाशाशी तिचा काही संबंध नाही. दरवर्षी ती वेगवेगळ्या विषयांवर स्पर्धा घेते आणि देशभरातल्या कॉलेजांतली मुलं त्यासाठी रात्री जागवतात. दुसरा प्रकार सोलर डेकॅथलॉनचा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ती २००२ साली पहिल्यांदा भरवली. तिथे घर नुसतं काढून भागत नसे, विद्यार्थ्यांनी ते उभं करायचं असे आणि दहा कसोट्यांवर गुण मिळत. २०१४ साली या स्पर्धेची युरोपीय आवृत्ती फ्रान्समध्ये व्हर्सायला भरली, तेव्हा आयआयटी मुंबई आणि रचना संसदेच्या अ‍ॅकॅडमी ऑफ आर्किटेक्चरचे विद्यार्थी ‘टीम शून्य’ या नावाने तिथे गेले. भारताचा तो या स्पर्धेतला पहिला संघ. आपल्याकडच्या उन्हापावसाचा विचार करून आखलेलं घर सुटं करून फ्रान्सला नेलं आणि तिथे पुन्हा जोडलं. २०१८ साली याच नावाचा संघ चीनमधल्या देझोऊला उतरला. २०२०-२१ पासून सोलर डेकॅथलॉन इंडिया ही आपली स्वतःची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात वीज आणि पाण्याच्या हिशेबाबरोबर घर आपत्तीत तग धरेल का आणि ते परवडेल का, यालाही गुण आहेत.

स्पर्धेच्या कागदाला विद्यार्थी ‘ब्रीफ’ म्हणतात. जागा कुठली, घर कुणाचं, किती क्षेत्रफळ, किती खर्च, हे त्यात लिहिलेलं असतं. उत्तर मोठ्या कागदांवर, म्हणजे ‘शीट’वर द्यायचं. इथेच एक खोड लागलेली आहे. शीटवर मध्यभागी कॉम्प्युटरवर काढलेलं रंगीत चित्र असतं. त्यात सोनेरी संध्याकाळ असते, अंगणात दोन मुलं आणि एक बकरी असते. टोकाच्या हवामानाची स्पर्धा असली, तरी चित्रात पाऊस कधी पडत नाही.

२. जागा कशी वाचायची?

पेण आणि रोहा एकाच रेल्वेमार्गावर आहेत. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते रोहा, आणि त्याच्या अलीकडे पनवेलच्या बाजूला पेण. नकाशात दोन्ही ठिकाणांवर ‘उष्ण व दमट’ असा एकच शिक्का बसतो. बहुतेक शीटवर हेच दोन शब्द आणि एक सूर्याचं वर्तुळ काढून जागेचा अभ्यास संपतो. पण या दोन तालुक्यांत घराला चार निरनिराळे धोके आहेत, आणि ते गावागणिक बदलतात.

पेणच्या पश्चिमेला, धरमतर खाडीच्या अंगाला खारेपाट आहे. मातीचे बांध घालून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन. उधाणाच्या भरतीचं पाणी बांधाच्या एका बाजूला आणि भातशेती दुसऱ्या बाजूला. बांधाला खांड गेली की खारं पाणी थेट शेतात आणि वाडीत. पेणच्या पूर्वेला डोंगर आणि त्यांच्या उतारावर ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. दक्षिणेला नागोठण्याला अंबा नदी. जुलै १९८९ मध्ये याच अंबेने सुधागड तालुक्यातलं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं होतं, ते वृद्धांच्या अजून लक्षात आहे. रोहा कुंडलिकेच्या काठावर. वरच्या अंगाला भिऱ्याचं वीजकेंद्र, खालच्या अंगाला रेवदंड्याची खाडी. डोंगरात धो धो पाऊस आणि खाडीत उधाणाची भरती एका वेळी आली की नदीच्या पाण्याला उतरायला वाटच राहत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न ‘पेण-रोह्यासाठी घर कसं असावं’ हा नाहीच. कुठल्या गावात, नदीपासून किती उंचीवर, डोंगराच्या कुठल्या अंगाला, हा आहे. जो संघ ही तिन्ही उत्तरं शीटवर लिहीत नाही, त्याचं पुढचं काही वाचू नये असं माझं मत आहे.

आता एकेक धोका घेऊ.

३. वारा

पावसाळ्यात एसटी स्टँडवर छत्री उलटी झाली नाही असा माणूस कोकणात सापडायचा नाही. वारा खालून शिरला म्हणून ती उलटली असं आपल्याला वाटतं, पण ते अर्धंच खरं. छत्रीच्या घुमटावरून जाणारा वारा तिथे वेग घेतो. हवेचा वेग वाढला की तिचा दाब उतरतो. वर दाब कमी, खाली जास्त, म्हणून छत्री वरच्या बाजूला ओढली जाते. घराच्या छपराचंही तेच होतं. वादळात छपरावर भार वाढत नाही. त्याचं वजन कमी कमी होत जातं आणि एका वेगाला ते उणे होतं.

किती उणे? ढोबळ हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. उत्तर न्यूटनमध्ये येतं, त्याला दहाने भागलं की साधारण किलो मिळतात. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. वर्ग १,१०० च्या आसपास. गुणाकार ६६०. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ६६ किलोची ओढ. दहा फूट बाय तीन फुटांच्या पत्र्याचं क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर. त्याला वर खेचणारा जोर झाला १८५ किलो. आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचं स्वतःचं वजन? बारा-तेरा किलो.

छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ याहून बरीच जास्त असते. दार किंवा खिडकी उघडली गेली तर वारा आत भरतो आणि खालूनही ढकलतो, तो जोर वेगळा. पत्र्यावर दोन धोंडे आणि एक जुना टायर ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. वरचा हिशेब पाहिला तर धोंडे कशासाठी ठेवायचे हा प्रश्नच पडतो. वीस किलोंनी काही अडत नाही, उलट वादळात तेच धोंडे शेजारच्या घरात जातात.

वेगाचा वर्ग होतो, हे विसरू नये. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात ओढ निम्मी होत नाही, चौथाई होते. पण ती चौथाईसुद्धा पत्र्यामागे ४५ किलो भरते, पत्र्याच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. म्हणजे साध्या मॉन्सूनच्या झोतातही पत्रा स्वतःच्या वजनावर टिकलेला नसतो. त्याला बोल्टांनी धरलेलं असतं.

आता हा बोल्ट जवळून पाहू. पन्हळी पत्रा लोखंडी पाइपाला किंवा लाकडी वाशाला धरून ठेवायला इंग्रजी ‘जे’च्या आकाराचा आकडा असतो, त्याला जे-बोल्ट म्हणतात. त्यावर लोखंडी वायसर, त्याखाली पाणी झिरपू नये म्हणून डांबरी वायसर. भोक पन्हळीच्या उंच भागावर पाडायचं, खोलगट भागात पाडलं तर पाणी गळतं. वादळात पत्रा गेलेलं छप्पर वर चढून नीट पाहिलं तर बहुतेक वेळा बोल्ट जागेवर असतो. वायसरही असतो. पत्रा मात्र वायसरभोवती फाटून निघालेला असतो. खाडीच्या खाऱ्या हवेत भोकाच्या कडेला गंज चढतो आणि पत्रा तिथेच पातळ होतो. वारा पत्र्याला एकदाच ओढत नाही, तासन्‌तास फडफडवतो. पातळ झालेली कड थकते आणि एका झोताला फाटते. मग त्याच्या वाट्याचा जोर शेजारच्या बोल्टावर येतो, तो जातो, आणि पुढचे भराभर. पत्रा एकटा जात नाही, ओळच्या ओळ जाते, त्याचं कारण हे.

उपाय दिसायला क्षुल्लक आहेत. वायसर मोठा वापरायचा. काठावरच्या आणि कोपऱ्यातल्या ओळींना बोल्ट दुप्पट लावायचे. पण बोल्टाने पत्रा पाइपाला धरला तरी पाइप कशाला धरलेला आहे? भिंतीवर नुसता टेकवला असेल तर पत्रा पाइपासकट जातो, आणि तेही रायगडात घडलं आहे. वाऱ्याच्या जोराला पत्र्यापासून पायापर्यंत उतरायची सलग वाट हवी. पत्रा पाइपाला, पाइप कैचीला म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला, कैची भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्टीला, पट्टी सळ्यांनी जोत्याला. या साखळीतली एक कडी सुटी असली तर बाकीच्या असून उपयोग नाही.

छपराचा उतारही महत्त्वाचा. पत्र्याची घरं स्वस्त पडावीत म्हणून उतार कमी ठेवतात, आठ-दहा अंशांचा. अशा सपाट छपरावर ओढ सर्वांत जास्त. उतार तीस अंशांच्या आसपास नेला की ती उतरते. दुपाखी छपरापेक्षा चारी बाजूंनी उतरणारं चौपाखी छप्पर वाऱ्याला जास्त पुरतं, कारण त्याला त्रिकोणी उघडी भिंत नसते. कोकणातली जुनी चौपाखी कौलारू घरं या दृष्टीने शहाणी होती.

मग कौलांकडेच परत जावं का? इथे थोडं थांबू. मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला चाळीस किलोंच्या आसपास भरतं. तेही वरच्या ओढीपेक्षा कमीच. तरीही कौलारू घर एकदम उघडं पडत नाही. दोन कौलांमधल्या फटींतून हवा खालवर होते आणि दाबातला फरक थोडा मिटतो. शिवाय कौलं गेली तरी आधी कडेची पाच-पन्नास जातात. घरमालक दुसऱ्या दिवशी शिडी लावून स्वतः बसवू शकतो. पत्रा जातो तेव्हा तीन-चार मीटरचं धारदार पातं गावातून उडत जातं. पण लोकांनी कौलं सोडली ती फॅशन म्हणून नव्हे. वानरांनी कौलं फोडून हैराण केलं, वाशांचं लाकूड महागलं, दर वर्षी शाकारणीला माणसं मिळेनाशी झाली. मुंबईच्या विद्यार्थ्याने शीटवर ‘पारंपरिक कौलारू छप्पर’ लिहिलं तर त्याला वानरांबद्दल जरूर विचारावं.

४. पाणी

या भागात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आकडा मोठा वाटतो, पण तो छपरावर मोजला की त्याचा अर्थ कळतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्या घराचं छप्पर पडवीसकट ३५ चौरस मीटर धरलं, तर १०० मिलिमीटरच्या दिवशी त्यावरून साडेतीन हजार लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येतं. वर्षभरात एक लाख लिटर. यातला गंमतीचा किंवा संतापाचा भाग असा की, पेणच्या खारेपाटात याच घरासमोर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट पाहत असतात. जमिनीखालचं पाणी खारं, विहिरी मचूळ. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी आठ लिटर धरले तर शंभर दिवसांना चार हजार लिटर लागतात. जोराच्या दोन दिवसांच्या पावसात तेवढं पन्हळातून टाकीत उतरतं. ज्या शीटवर टाकी नाही, ते खारेपाटातलं घर नव्हे.

पुराचा प्रश्न जोत्याचा आहे. जोतं किती उंच? गावात पुराच्या खुणा असतात. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर किती पाणी आलं होतं हे लोक बोटाने दाखवतात. त्या खुणेच्या वर दीड-दोन फूट, हा साधा नियम. पण जोतं फुकट वाढत नाही. आपल्या घराचं बाहेरून क्षेत्रफळ ३० चौरस मीटर धरलं तर एक फूट उंचीला नऊ घनमीटर भराव, म्हणजे सव्वातीन ब्रास. तीन फूट उचलायचं तर दहा ब्रास मुरूम, शिवाय चारी बाजूंनी दगडी बांधकाम. पैशांचा मोठा वाटा जमिनीखालीच जातो. आणि एकट्याने आपली जागा उंच केली की पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या दारात उभं राहतं. गावातली निम्मी भांडणं याच पाण्याची असतात.

दुसरा मार्ग बांगलादेशात सापडतो. मरीना तबस्सुम या वास्तुरचनाकार बाईंनी मेघनेच्या काठच्या, नदी सरकेल तसं घर हलवावं लागणाऱ्या लोकांसाठी ‘खुदी बाडी’, म्हणजे चिमुकलं घर, तयार केलं. बांबूचे खांब, लोखंडी जोड, आणि वर झोपण्यापुरता मजला. पाणी आलं की कुटुंब वर जातं, नदीने काठ खाल्ला की घर सुटं करून दुसरीकडे लावता येतं. २०२५ मध्ये या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला. आपल्याला यातला मजला ओळखीचा वाटायला हवा, कारण कोकणातल्या घरांत माळा असतोच. भात, सरपण, जुनी भांडी त्यावर असतात. तोच माळा पाच माणसं रात्रभर बसू शकतील इतका मजबूत केला आणि तिथून बाहेर पडायला एक झडप ठेवली, तर जोतं तीन फुटांऐवजी दीड फुटावर भागतं. बांबूचं घर मात्र जसंच्या तसं उचलून आणू नये. इथल्या पावसात बांबू प्रक्रिया न करता टिकत नाही.

खारेपाटात आणखी एक छुपा शत्रू आहे. जमिनीतलं मीठ ओलाव्याबरोबर भिंतीत चढतं, भिंतीला लोणा लागतो, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि आतली सळई फुगते. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर आणि सळईवर काँक्रीटचं पुरेसं आवरण, एवढ्याने घराचं आयुष्य वाढतं. हे कुठल्याच चित्रात दिसत नाही, त्यामुळे त्याला गुणही मिळत नाहीत.

५. उकाडा

विदर्भात ४५ अंश होतात, आपल्याकडे ३८, मग आपल्याकडे कसली उष्णतेची लाट? असं विचारणारे भेटतात. हवामान खातं मैदानी भागात लाटेसाठी किमान ४० अंशांचा निकष लावतं, किनारपट्टीला मात्र ३७ चा. तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर जायला हवं, ही अट दोन्हीकडे आहे. किनाऱ्याला ही सवलत का, याचं उत्तर घामात आहे. शरीर घाम गाळून थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. १६ एप्रिल २०२३ ला पेणच्या शेजारच्याच पनवेल तालुक्यात, खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हाने १४ माणसं दगावली. त्या दिवशी परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपासच होता.

दमट हवेत घराने करायच्या गोष्टी दोनच. अंगावरून वारा जाऊ द्यायचा आणि छपराची धग डोक्यावर येऊ द्यायची नाही. जाड भिंती बांधून आत गारवा साठवायचा मराठवाड्याचा उपाय इथे चालत नाही, कारण रात्रीही इथली हवा फारशी गार होत नाही. समोरासमोर खिडक्या हव्यात आणि आढ्याजवळ गरम हवेला बाहेर जायला जाळी हवी. दुपारचा पत्रा हाताला चटका देतो, आणि त्याची आच खाली बसलेल्या माणसाला थेट लागते, मध्ये पंखा फिरत असला तरी. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचा तट्टा ठोकला आणि त्या पोकळीची दोन्ही टोकं उघडी ठेवली, तर आतली तापलेली हवा निघून जाते आणि आच तट्ट्यावर अडते. पत्र्याला चुना मारणंही चांगलं, फक्त एका पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं आणि तो काळा पडतो. दर मार्चला पुन्हा मारावा लागतो.

‘त्यापेक्षा स्लॅब टाका’ हा गावोगावचा सल्ला. स्लॅब वादळाला उडत नाही, हे शंभर टक्के खरं. पण दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता तो रात्री अकरापर्यंत खाली सोडत राहतो. दुपारी पत्र्याचं घर वाईट, रात्री स्लॅबचं. दिवसभर शेतावर किंवा रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात असणाऱ्या माणसाला रात्रीची झोप जास्त महत्त्वाची असते, हेही हिशेबात धरावं.

६. जिथे घर काढूच नये

डोंगराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. धोक्याच्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. अशा उतारावर कितीही चांगली कैची, कितीही उंच जोतं कामाचं नाही. स्पर्धकाने ‘ही जागा घराला योग्य नाही’ एवढं कारणांसह लिहून दुसरी जागा दाखवली, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. किती परीक्षक तसे देतील, शंकाच आहे.

७. पंचवीस चौरस मीटरांत भांडण

आता खरी अडचण. वर सांगितलेले उपाय एकमेकांशी भांडतात. झडीचा पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून पागोळी लांब हवी, तीन फूट तरी. वारा मात्र याच लांब पागोळीला खालून पकडतो. उकाड्याला मोठ्या खिडक्या हव्यात, वादळाला लहान. पुराला घर उंच हवं, वाऱ्याला बुटकं. एका धोक्यासाठी घर काढणं कुणालाही जमतं. चारही धोके एका घरात बसवताना काय सोडलं आणि का, हे सांगता येणं म्हणजे आर्किटेक्चर.

त्यात पैसे. केंद्राच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागात घराला मूळ मदत १ लाख २० हजार रुपयांची, आणि किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. आपल्या घराचं क्षेत्रफळ तिथूनच घेतलं. कातकऱ्यांसारख्या आदिम समाजांसाठी २०२३ साली सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत ही मदत २ लाखांची आहे. पेण आणि रोहा दोन्ही तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत, आणि त्यांच्या घराची एक अट कुठल्याच ब्रीफमध्ये सापडत नाही. पावसाळा संपला की कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे घर वर्षातले सहा-सात महिने बंद, आणि शाकारणीच्या, डागडुजीच्या ऐन हंगामात मालक गावात नाही. दर मार्चला चुना मारण्याचा माझा मघाचा सल्ला इथे बाद होतो.

पेणकडे दुसरीच गोष्ट. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत घर आणि गणपतीचा कारखाना एकत्रच असतो. जूनमध्ये, म्हणजे नेमकं वादळ-पावसाच्या तोंडाला, शेकडो मूर्ती अर्धवट असतात. त्या सुकायला वारा हवा आणि त्यांच्यावर थेंब पडता कामा नये. पडवीला ताडपत्री बांधून काम चाललेलं असतं. या कुटुंबाला हॉल-किचन-बेडरूम काढून दिलं तर ते पहिल्याच वर्षी हॉलमध्ये मूर्ती लावतील.

मग मी असतो तर काय काढलं असतं? काळ्या दगडाचं दोन फूट जोतं. भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी, सळ्या जोत्यापासून तिथपर्यंत सलग. तीस अंशांचं चौपाखी छप्पर, पत्र्याचंच, खाली तट्टा. मुख्य छपराची पागोळी दीड फुटावर थांबवायची आणि पडवीचं छप्पर त्याला न जोडता भिंतीवर वेगळं टेकवायचं. झडीपासून पडवी वाचवेल, आणि वादळात गेलीच तर एकटी जाईल, घराचं छप्पर सोबत नेणार नाही. खिडक्या मोठ्या, पण त्यांना काचा नाहीत, आतून अडसर लागणाऱ्या लाकडी झडपा. आणि मोरी-संडासाचा कोपरा तेवढा काँक्रीटचा, वर लहानसा स्लॅब. वादळात आत बसायला, पुरात वर चढायला. कातकरी वाडीवर पडवी लहान आणि पत्रा जाड, म्हणजे देखभालीवाचून चालेल. हमरापूरला पडवी घराएवढी.

हे चित्र शीटवर काही छान दिसणार नाही, हे मला माहीत आहे.

८. आयोजकांना एक विनंती

टोकाच्या हवामानाच्या घरांची स्पर्धा भरवणाऱ्यांनी दोन नियम घालावेत. प्रत्येक संघाने छपराच्या एका बोल्टाचं मोठं, प्रत्यक्ष मापाचं रेखाटन द्यावं, आणि त्याखाली वरचा गुणाकार स्वतः करून दाखवावा. दुसरा नियम पैशांचा. बक्षिसाची निम्मी रक्कम राखून ठेवावी, पहिल्या आलेल्या आराखड्यातलं एक घर खरंच बांधावं, त्यात कुटुंब राहू द्यावं आणि एक पावसाळा गेल्यावर त्या घरच्या बाईला विचारून उरलेली रक्कम द्यावी. घर बांधणं जमत नसेल तर निदान जागेची भेट जानेवारीत न ठेवता जुलैत ठेवावी. दिव्याहून रोह्याला मेमू गाडी जाते, ती पेणलाही थांबते.